दुसरं नाक

१

एल्डन अंगणातून बोंबलत घरात शिरला तेव्हा मला वाटलं, मेल्यानं करवतीत बोट घातलं. हातातली बशी तशीच टाकून मी धावले. पाहते तर स्वारी दारात उभी, हातात मोबाइल, डोळ्यांत पाणी, आणि तोंडानं नुसतं, "लागला! अगं नेड्रा, लागला! मेंढा लागला!"

आता मोंटानात ज्याचा जन्म गेलाय त्याला यापुढे काही सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. वरच्या कड्यांवर मोठ्या वळणदार शिंगांचे डोंगरी मेंढे असतात. त्यांच्या शिकारीचा परवाना सोडतीत निघतो, आणि शेकड्यांनी अर्ज करावेत तेव्हा एखाद्याला मिळतो. आमच्या कॉपर फोर्कमध्ये दरवर्षी अर्ज करता करता माणसं म्हातारी झाली, मेली, पण परवाना काही आला नाही. एल्डननं पहिला अर्ज केला तेव्हा आमचं लग्नसुद्धा झालं नव्हतं. आणि आता, केस गेल्यावर, गुडघे गेल्यावर, लागला! आम्ही दोघं स्वयंपाकघरात अक्षरशः नाचलो. टगर, आमचा म्हातारा कुत्रा, त्यालाही काय झालं कळेना, तोही आमच्या पायात येऊन भुंकत सुटला.

मला बोलायला लागलं की थांबता येत नाही, असं एल्डन नेहमी म्हणायचा. शाळेची बस चालवून चालवून मला वरच्या पट्टीत बोलायची सवय झालीय, त्याला मी काय करणार? पण हे नीट सांगायला हवं, म्हणून जरा क्रमानं सांगते.

एल्डनची रायफल त्याच्या वडिलांची. जुनी, देखणी आणि महाखोडकर. दुकानातली काडतुसं तिला चालत नाहीत, गोळ्या वाटेल तिकडे जातात. तिची काडतुसं मी घरी भरते, तळघरातल्या बाकावर. वापरलेल्या पितळी पुंगळ्या साफ करायच्या, तळाशी ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, मापून बंदुकीची दारू ओतायची आणि वर गोळी दाबायची. आमच्याकडे बायका स्वेटर विणतात, तशा काडतुसंही भरतात. पण या रायफलीला एकच दारू मानवते, आणि ती बनवणं कंपनीनं कधीच बंद केलंय. माझ्याजवळची संपली होती. म्हणजे कुणाच्या तरी घरात पडून राहिलेला जुना डबा शोधायचा.

आणि जुनी दारू म्हणजे खेळ नव्हे. चांगली असली तर तिला गोडसर, दवाखान्यातल्यासारखा वास येतो. बिघडली की आंबट होते, नाकाला झोंबते, डब्यात तांबूस धूळ दिसते. अशी दारू भरलेलं काडतूस कधी फुसकं निघतं, तर कधी बंदुकीची नळीच फाटते, आणि नळीच्या मागे माणसाचा चेहरा असतो. म्हणून आमच्या खोऱ्यात एक रीत आहे. जुनी दारू एकट्यानं पारखायची नाही. आधी आपण हुंगायची, मग दुसऱ्याला हुंगायला द्यायची. याला आम्ही दुसरं नाक म्हणतो. दुसऱ्या नाकानं काही बोलायचं नसतं. चांगली असेल तर वाकवलेल्या बोटानं झाकणावर दोनदा टकटक करायची. नसेल तर गप्प राहून मागचं दार उघडायचं आणि दारू गवतावर पसरून टाकायची. गवताला ती खतासारखी लागते.

एल्डनच्या नाकाचा उपयोग नव्हता. लाकूडतोडीच्या कामावर असताना एक ओंडका तोंडावर बसला, तेव्हापासून त्याला वासच येत नाही. "माझं नाक फक्त चष्मा अडकवायला आहे," असं तो चारचौघांत सांगायचा.

साऱ्या खोऱ्याचं दुसरं नाक होते हार्लन ओडेगार्ड. त्यांची टकटक झाली की विषय संपला. पण हार्लन फेब्रुवारीतच गेले होते.

२

हार्लनची पुतणी कॉर्लिस घर रिकामं करायला आली होती. मी तिला फोन केला आणि त्याच दुपारी एल्डनला घेऊन तिकडे गेले. ऊन छान पडलेलं. घरभर खोकी, भिंतीवर चित्रं काढलेल्या जागी पांढरे चौकोन. कॉर्लिस बिचारी धुळीनं माखलेली.

"तळघरातलं सगळं घेऊन जा ग बाई," ती म्हणाली. "मला त्यातलं काडीचं कळत नाही, आणि मला ते घरात नकोय."

तळघर मात्र लख्ख होतं. बाकावर एका वेळी एकच डबा, हा हार्लनचा नियम, आणि खरोखर एकच डबा होता. मी जवळ जाऊन लेबल वाचलं आणि माझ्या तोंडून किंकाळीच बाहेर पडली. तीच दारू! अर्ध्याहून जास्त भरलेला डबा. मी एल्डनला मिठी मारली, कॉर्लिसलाही मारली.

"एवढं काय सोनं सापडलं?" ती हसली. मग म्हणाली, "याच डब्याशी काका दिवसदिवस बसायचे. शेवटी शेवटी तर स्वतः हुंगायचेही नाहीत. झाकण काढून नुसते उभे राहायचे. ऐकत असल्यासारखे."

"वयच झालं होतं त्यांचं," एल्डन म्हणाला.

"हो, तेच."

आम्ही मागच्या दारानं निघालो. हार्लनच्या अंगणात गवताचे गडद हिरवे पट्टे ठिकठिकाणी उठले होते, इतक्या वर्षांची नापास दारू तिथं पडलेली. पायरीखालचा एक पट्टा लांबट होता, बाकीच्यांहून हिरवागार. मी त्यावरून जाणार तोच कॉर्लिसनं माझा दंड धरला.

"इथून नको, कडेनं जा. काका तिथंच सापडले होते. बर्फात, घरातल्या कपड्यांवर. जाळीचं दार सताड उघडं. हवा खायला बाहेर आले असतील, असं डॉक्टर म्हणाले. हृदय आधीच पोखरलेलं होतं म्हणे, कुणाला पत्ताच नव्हता."

फेब्रुवारीत, बर्फात, हवा खायला! पण म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात काय येईल, सांगता येतं का? मी डबा मांडीवर घेऊन गाडीत बसले. घरी येईपर्यंत तो छान कोमट लागत होता, मांडीवर मांजर बसल्यासारखा. काचेतून ऊन येत होतं, त्यामुळे असेल. एल्डन वाटभर गाणी म्हणत होता आणि मीही सूर लावत होते.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तळघरात खिडकीखाली बसले आणि परीक्षा सुरू केली. झाकणाला आतून गंज नाही. दारू पांढऱ्या कागदावर ओतली, तांबूस धूळ नाही. वास घेतला. अहाहा! गोडसर, ताजा, आजच कारखान्यातून आल्यासारखा. जरा जास्तच ताजा, हे तेव्हाही मनात आलं. पण आनंदात माणूस असल्या गोष्टींना दारात उभं करत नाही.

तरी मी घाई केली नाही. चिमूटभर दारू कागदावर ठेवून वर काचेचा ग्लास पालथा घातला. दारू आतून सडत असेल तर रात्रीतून कागद पिवळा पडतो. सकाळी बघितलं तर कागद कोरा करकरीत. फक्त ग्लासाला आतून वाफ धरली होती, आणि मी बघत असताना ती वाफ ओसरली. काच स्वच्छ झाली. मग पुन्हा हळूहळू पांढुरकी झाली.

मी वाकून बघत राहिले. ओलावा असेल, तळघर आहे, रात्री गारवा असतो. दारूत ओल असली तर वाफ धरणारच. पण धरलेली वाफ जाते कशाला आणि परत येते कशाला? मनात पाल चुकचुकली. मी ग्लास उचलला, धुतला आणि पालथा ठेवून दिला.

राहिलं होतं ते दुसरं नाक. कुणाला बोलवावं? डबा हातात धरून मी विचार करत होते. टगर पायाशी झोपला होता. खिडकीतून ऊन बाकावर पडलेलं. वर एल्डन शीळ घालत दुर्बिणीच्या काचा पुसत होता. मला एकदम हसू आलं, हार्लनचा डबा, मग हार्लनलाच का विचारू नये? मी डबा वर धरला आणि मोठ्यानं म्हटलं, "काय हार्लन, तुमचं काय म्हणणं?"

डब्यात वारा शिरल्यासारखं झालं. नाही, नीट सांगते. मी डबा नाकाजवळ धरलेला होता आणि माझ्या ओठांवरून हवा डब्यात ओढली गेली. सूं, सूं. दोनदा, आखूड, हार्लन करायचे तसं. आणि मग पत्र्यावर टक, टक.

पण डबा मी सोडला नाही, दारूचा डबा कुणी खाली टाकत नाही. झाकण लावलं आणि इकडेतिकडे बघितलं. टगर झोपेत नाक फुरफुरवत होता, त्यानंच हुंगलं असणार. टकटक म्हणजे नळाच्या पाइपांची, आमचे पाइप सकाळी वाजतातच. आणि खरं सांगू का? भीतीवर आनंदानं मात केली. टकटक झाली होती! मी धाडधाड जिना चढले.

"एल्डन, पास! दारू पास झाली!"

"दुसरं नाक कुणाचं?"

"हार्लनचं," मी म्हटलं, आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो.

४

रायफल त्या दारूवर अशी काही खूश झाली की विचारू नका. नदीकाठच्या माळावर एल्डननं तीन बार काढले आणि तीनही भोकं एका नाण्याखाली झाकली गेली. प्रत्येक बाराला मी श्वास रोखून त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते, आणि प्रत्येक वेळी तो चेहरा शाबूत होता, हसत होता. दारू चांगलीच होती, आजही मी शपथेवर सांगेन. त्या दारूत तिळमात्र खोट नव्हती.

"बाई, तुझ्या हातात सोन्याचं कडं घातलं पाहिजे," तो म्हणाला आणि भर माळावर माझा मुका घेतला. वय काय, वागणं काय!

घरी मात्र आवाज चालू झाले होते. मी तळघरातून लोणच्याची बरणी आणून ओट्यावर ठेवली की मागून सूं, सूं. टक, टक. हकलबेरीच्या मुरंब्यावर टक, टक. हरणाच्या मांसाच्या पुडक्यावर टक, टक. सुरुवातीला मान वळवून बघायची, पण स्वयंपाकघरात कुणी नसायचं, ऊन तेवढं पसरलेलं. एके सकाळी दुधाच्या कॅनजवळ सूं, सूं झालं आणि पुढे टकटक झालीच नाही. मी थांबले. मग मागच्या जाळीच्या दाराची स्प्रिंग ताणल्याचा आवाज आला, कुईईई, आणि दार सताड उघडलं. बाहेर पानही हलत नव्हतं. दूध ओतून बघितलं तर नासलेलं.

तुम्ही म्हणाल, ही बाई घाबरली कशी नाही? घाबरले होते हो. पण खोटं कशाला बोलू, मजाही वाटत होती. घरात फुकटचा पारखी आला होता! आणि परवाना लागल्यापासून आमचं सगळंच इतकं उलटंपालटं, इतकं भारलेलं होतं, की त्यात हेही खपून गेलं.

"तुला ऐकू येतं का रे?" मी एल्डनला विचारलं.

"काय?"

"हुंगल्यासारखं. मग टकटक."

"पाइप," तो म्हणाला. "आणि टगर. आणि तुझं डोकं." आणि पुन्हा नकाशात डोकं खुपसून बसला.

५

ऑक्टोबर लागला, कॉटनवुडची झाडं पिवळी झाली. रविवारची दुपार होती. एल्डन बाहेर लाकडं फोडत होता, मी टेबलाशी सफरचंदं सोलत होते. टगर चुलीसमोर पसरला होता, शेपटी अधूनमधून हलत होती.

सूं, सूं.

टगरनं डोकं उचललं आणि आपल्या मागे बघितलं. तिथं काहीच नव्हतं. त्यानं कान पाडले. मी सुरी हातात धरून बसले, आता टक होईल, आता टक होईल. चूल धगधगत होती. टकटक झाली नाही.

कुईईई. जाळीचं दार उघडलं.

टगर उठला. कुणी हाक मारावी आणि जावं तसा, सावकाश, माझ्याकडे न बघता दारातून बाहेर गेला. मी त्याला हाक मारली. पायरी उतरून तो गवतावर गेला, गोल फिरला आणि आडवा झाला. मी पोचले तेव्हा संपला होता. मी त्याच्या गळ्यात पडून रडले. एल्डन कुऱ्हाड टाकून धावत आला.

गुरांच्या डॉक्टरीणबाईंनी पोट उघडून पाहिलं. आत मोठी गाठ होती, फुटलेली. "बरेच महिने असणार," त्या म्हणाल्या. "बाहेरून कळत नाही. आतून पार नासलेला होता बिचारा."

आतून नासलेला! त्या शब्दासरशी मला दुधाची आठवण झाली.

६

मी त्याच दिवशी डबा उचलला आणि उरलेली सगळी दारू कुंपणापलीकडे पसरून टाकली. एल्डनची काडतुसं भरून झालीच होती. डबा चेपून कचऱ्याच्या गाडीत दिला. तळघरात उभी राहून मोठ्यानं सांगितलं, "हार्लन, तुमचे उपकार झाले. काम झालं. आता जा तुम्ही." काही आवाज आला नाही. मला हायसं वाटलं.

मग कॉर्लिसला फोन लावला. कुत्रा गेला म्हणून सांगितलं, बाकीचं कसं सांगावं कळेना. तीच म्हणाली, "नेड्रा, त्या डब्यासमोर तू काही विचारलं नाहीस ना?"

"कुणाला? हार्लनना?"

"ते काका नाहीत ग," ती म्हणाली. "काकाही त्यालाच विचारायचे." आणि तिनं फोन ठेवून दिला. पुन्हा लावला तर उचलला नाही.

मी एल्डनमागे लकडा लावला, डॉक्टरकडे चल, एकदा तपासून घे. का, ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर हसला असता. तरी हसलाच.

"मला काय धाड भरलीय? आधी मेंढा, मग डॉक्टर. म्हणशील तितक्या सुया टोचून घेईन. शुक्रवारी डोंगरावर जायचंय, आता कुठे डॉक्टर करत बसू?"

"दम लागतो तुला जिना चढताना."

"अगं, एवढी लाकडं फोडतोय, घोड्यासारखा आहे मी. आणि दम नाही, उत्साह आहे तो!" असं म्हणून त्यानं मला उचलायचा प्रयत्न केला आणि मध्येच खाली ठेवलं. जरा खोकला. मग पुन्हा हसला, आणि मलाही हसू आलं. इतका आनंदी मी त्याला कधी पाहिलाच नव्हता. त्या आनंदावर पाणी फिरवायला माझी जीभ उचलेना.

७

गुरुवारी दुपारी सगळी तयारी झाली. पाठीवरची पिशवी दाराशी, रायफल तिच्या पेटीत, काडतुसांची डबी वर. मी त्याच्यासाठी सॉसेज आणि दालचिनीचे पाव बांधले होते. एल्डन जेवून आरामखुर्चीत टेकला, चष्मा नाकावर तसाच, नकाशा मांडीवर, आणि लगेच घोरायला लागला. मी टेबलाशी बसून त्याच्या मोज्याला टाका घालत होते. खिडकीतून कडे दिसत होते, माथ्यावर नवं बर्फ. उद्या हा तिथं असेल, या विचारानं माझ्याच पोटात गुदगुल्या होत होत्या.

घोरणं थांबलं. एल्डन शांत झोपला होता, तोंड जरा उघडं.

त्याच्या चष्म्याच्या काचा पांढुरक्या झाल्या. दोन्ही. मग वाफ ओसरली आणि त्याचे मिटलेले डोळे दिसले. मग पुन्हा वाफ आली. त्याच्या तोंडातून नाही, बाहेरून, समोरून. आणि त्या वाफेत, डाव्या काचेवर, काहीतरी टेकल्याची गोल खूण उमटली. एक लहानसा गोळा आणि खाली दोन ठिपके. नाकाचा शेंडा काचेवर दाबला की उमटतो तसा.

सूं, सूं.

आता टक. देवा, आता टक होऊ दे. मी त्या खुर्चीच्या हाताकडे बघत होते, लाकडाकडे, पिशवीकडे, कुठूनही आवाज येऊ दे. चुलीत लाकूड तडकलं, तो आवाज वेगळा होता. काही वाजलं नाही.

मी झेप घेतली आणि खुर्चीच्या लाकडी हातावर वाकवलेल्या बोटानं स्वतःच वाजवलं. टक! टक! इतक्या जोरात की सालटं निघालं.

"क... काय ग?" एल्डन दचकून उठला.

"काही नाही."

"मला वाटलं, कुणी आलं."

त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. घरात चिडीचूप. जमलं, मी मनात म्हटलं, फसवलं मी त्या नाकाला. माझ्या डोळ्यांत आनंदानं पाणी आलं, खरंच आलं.

कुईईई.

दार उघडलं, सताड, आणि उघडंच राहिलं.

"आणि हे दार बघ," एल्डन म्हणाला. "लाव ग, गार वारं येतंय."

मी धावत जाऊन दार ओढलं. जाळीचं लावलं, आतलं लाकडी लावलं, कडी घातली, आणि पाठ लावून उभी राहिले. पुढच्या दाराची भीती नव्हती, त्यापुढे कित्येक वर्षं डीप फ्रीझर ठेवलाय, ते उघडतच नाही. घरात जायचं यायचं ते हेच दार. माझ्या पाठीला काही ढकलत नव्हतं. नुसतं लाकूड होतं, गार. मला वाटलं, मी एल्डनला इथंच ठेवीन. शिकार नाही, डोंगर नाही, काही नाही. आयुष्यभर शिव्या खाईन.

"नेड्रा," एल्डन म्हणाला.

त्याचा आवाज बदलला होता. बघितलं तर चेहरा राखेसारखा झाला होता आणि कपाळावर घाम होता. एक हात छातीच्या मधोमध, मूठ आवळलेली.

"दार उघड जरा. हवा पाहिजे."

"नाही. एल्डन, बस तू. मी फोन करते."

"अगं गुदमरतंय मला. दार उघड."

फोन भिंतीवर होता. मी दार सोडून तिकडे धावले, बोलले, पत्ता सांगितला, ओरडून सांगितला. फोनवरची अँब्युलन्सवाली मुलगी म्हणाली, गाडी निघेल पण लांबून येणार, तुमच्याकडे गाडी असेल तर घेऊन निघा, तेच लवकर होईल. गाडी! गाडी अंगणापलीकडे उभी होती. गवतावरून गेल्याशिवाय गाडीपाशी जाता येत नव्हतं, आणि दारातून गेल्याशिवाय गवतावर. घरात ठेवला तर माझ्यासमोर जाणार, हे त्याच्या ओठांच्या रंगावरून दिसत होतं. मग मी काय करायला हवं होतं, तुम्हीच सांगा! मी त्याला काखेत धरून उचललं. कडी मी माझ्याच हातानं काढली.

"धर मला, घट्ट धर," मी म्हणत होते. "डोळे माझ्याकडे. पायरी आहे. गवतावर थांबायचं नाही हं, कळलं का? चालत राहायचं."

"मेंढा..." तो म्हणाला.

"मेंढा कुठे पळून जात नाही!"

त्यावर तो हसला. पायरीवर त्यानं कड्यांकडे बघून लांब श्वास घेतला, आणि त्याचा चेहरा सैल झाला, सुरकुत्या गेल्या. "आता बरं वाटतंय," तो म्हणाला. माझ्या हातातून हात सोडवून घेतला आणि एकटाच गवतावर उतरला.

मी त्याच्या मागे पाय टाकणार, तोच मानेवर ऊब आली. कानाच्या अगदी मागे, केसांत. सूं, सूं.

आणि मग माझ्या खांद्याच्या हाडावर दोनदा टकटक झाली.